प्रोश्पेरचा उजवा तळवा

होडीत बूट घालून पाऊल टाकायचं नाही, हे त्या बेटावर कुणी कुणाला शिकवत नाही. चर्चच्या दारात टोपी निघते तसे धक्क्यावर बूट निघतात. फळ्यांना ओरखडे पडतात, बूट पाण्यानं भरला की माणसाला खाली ओढतो, ही कारणं बाहेरून आलेल्यांना सांगायची. बेटावरची माणसं आपसात एवढंच म्हणतात, की बूट घातलेला माणूस होडीत बसलेला असतो, होडीवर नसतो.

प्रोश्पेर चाळीस वर्षं होडीवर होता. त्याचे पाय रुंद, बोटं पंख्यासारखी पसरलेली, तळवे जुन्या दोरखंडासारखे पिवळे आणि टणक. पण त्या टणकपणाच्या आत कुठेतरी असं काही जागं होतं की त्याला दोरी पायाखाली घेतली की समजायचं: खाली वाळू आहे, आता खडक सुरू झाला, गळाला वाम लागली आहे आणि ती बिळात शेपटी अडकवून बसली आहे. लोक म्हणायचे, याच्या तळव्याला डोळे आहेत. तो हसायचा, आणि ते खरं मानायचा.

गळांची लांब दोरी समुद्रात सोडायची त्याच्या घरची एक रीत होती. बापानं त्याला दिलेली, बापाला आजानं. दोनशे गळांची दोरी टोपलीत वेटोळी करून ठेवलेली असते आणि टोपलीच्या काठाला लावलेल्या बुचात एकेक गळ टोचलेला असतो. इंजिन अगदी हळू चालू. एकजण होडीच्या मागच्या टोकाला वाकून एकेक गळ आमिषासकट पाण्यात सोडतो. दुसरा त्याच्या मागे उभा राहतो. सुकाणूचा दांडा मांडीला टेकलेला, एक हात इंजिनावर, आणि टोपलीतून निघालेली दोरी त्याच्या उजव्या तळव्याखालून पुढे सरकत असते. टाच दाबली की दोरी थांबते, उचलली की मोकळी होते. पुढचा माणूस दोरीकडे बघत नाही, गळांकडे बघतो. दोरीकडे बघणं हे मागच्याच्या तळव्याचं काम. गळ बाहीत अडकला, बोटात रुतला, की दोरीला एक बारीक झटका बसतो. झटका बसायच्या आणि माणूस ओरडायच्या मध्ये टाच खाली यायला हवी. आली नाही तर दोरीच्या टोकाला बांधलेला, तळाशी गेलेला धोंडा आणि पुढे चाललेली होडी मिळून बाकीचं करतात.

चाळीस वर्षांत त्याच्यापुढे वाकलेल्या एकाही माणसाच्या बोटाला साधी जखम झाली नव्हती. बापाच्या नाही, धाकट्या भावाच्या नाही. भाऊ पुढे जहाजावर गेला आणि प्रोश्पेरच्या पुढ्यात जावई आला.

जावई मियो पलीकडचा होता. पलीकडचा म्हणजे किनाऱ्यावरच्या शहरातलाही नव्हे, त्याच्या मागच्या डोंगरातला, जिथं दगड आणि बकऱ्या यांखेरीज काही उगवत नाही. सैन्यात असताना त्याची बेटावर नेमणूक झाली, तिथं प्रोश्पेरची मुलगी वित्सा त्याला भेटली, आणि नोकरी संपल्यावर तो पुन्हा बेटावर आला तो कायमचा. पहिल्या दिवशी धक्क्यावर आला तेव्हा पायात नवे प्लास्टिकचे सँडल होते. समुद्रासाठी म्हणून मुद्दाम घेतलेले, पट्टे घट्ट लावलेले, आत मोजे.

"थांब थांब," प्रोश्पेर होडीतूनच ओरडला. "घोडा बाहेर बांधून आलास, की नाल ठोकून स्वतःच आलास?"

धक्क्यावरच्या बाकावर बसलेली म्हातारी मंडळी खदखदून हसली. मियोनं सँडल काढले. मोजे काढले. त्याचे पाय पांढरे होते, घोट्यावर मोज्याची गुलाबी रेघ.

"बघा रे," प्रोश्पेर म्हणाला, "पीठ मळून आणलंय पोरानं. पाव कधी करायचा?"

मियो हसला नाही आणि रागावलाही नाही. त्या वर्षी त्याला वाळूत दडून बसणाऱ्या विषारी काट्याच्या माशानं दोनदा दंश केला, पाय मांडीपर्यंत सुजला, तेव्हाही तो फक्त दात आवळून बसला होता. दुसऱ्या वर्षी त्याचे तळवे काळे पडले. तिसऱ्या वर्षी प्रोश्पेरनं त्याला गळ सोडायला बसवलं. प्रोश्पेरकडून ते कौतुकच होतं, पण तसं तो बोलला नाही. गावाच्या तोंडी मात्र मियो पाच वर्षांनंतरही 'डोंगरातला'च राहिला.

मग गेल्या वसंतात एका संध्याकाळी पेरिनानं, प्रोश्पेरच्या बायकोनं, जेवण वाढता वाढता खाली बघितलं आणि म्हणाली, "पायाला काय लागलंय तुझ्या?"

त्यानं पाय वर घेतला. टाचेजवळ सात-आठ काळे ठिपके होते. खडकांना चिकटून राहणाऱ्या त्या काटेरी काळ्या गोळ्यांपैकी एकावर त्याचा पाय पडला होता आणि काटे आत मोडले होते. कधी पडला, त्याला आठवेना. काटा गेला की माणूस बोंबलतो. तो दुपारपासून त्यावर चालत होता.

पेरिनानं ऑलिव्हचं तेल चोळलं, सुई तापवली, एकेक काटा काढला. त्याच्या चेहऱ्याकडे बघत काढला. सुई खोल गेली तरी त्याचा चेहरा हलला नाही.

"दुखत नाही?"

"कातडी जाड आहे."

"माझ्या बापाचीही जाड होती," ती म्हणाली. "तो ओरडायचा."

त्यानंतर तो कुणाचं लक्ष नसताना पाय तपासू लागला. चुलीतली कोमट राख. भिंतीतला खिळा. डाव्या पायाला थोडं कळायचं, कुणी भिंतीपलीकडून बोलावं तसं. उजव्याला काहीच नाही. तो तळवा तिथं होता, त्याच्यावर उभं राहता येत होतं, आणि तो कुणा दुसऱ्याचा होता.

जूनमध्ये तो बोटीनं पलीकडे गेला, जाळ्याचं सूत आणायचं आहे असं सांगून. डॉक्टरीण तरुण होती. रक्त बघून म्हणाली, साखर आहे, बऱ्याच वर्षांची दिसते. मग तिनं त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाली, "मी पायाला हात लावला की सांगा."

तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "लावला नाही का अजून?"

"काका, डोळे उघडा," ती म्हणाली.

तिनं त्याला गोळ्या लिहून दिल्या, आणि सांगितलं की आजपासून अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. घरात नाही, दारात नाही, होडीत तर नाहीच. जखम होईल, कळणार नाही, चिघळेल, आणि मग पाय कापावा लागेल. मऊ कातड्याचे, बंद, एक माप मोठे बूट घ्या.

त्यानं बूट घेतले. तपकिरी, वरून दोऱ्या. घरी आणले आणि पलंगाखाली ढकलले. सूत आणायला विसरला, हे पेरिनाच्या लक्षात आलं.

पाय जातील याची त्याला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. भीती माणसाला हलवते. त्याला लाज वाटली. बूट घालून धक्क्यावर जायचं म्हणजे बाकासमोरून जायचं. बाक विचारणार, काय झालं. आणि जे सांगायचं ते सांगितलं की त्याच्या जवळचं एकुलतं एक जे होतं ते संपणार. घर बापाचं, होडी बापाची, रीत बापाची. तळवा तेवढा त्याचा स्वतःचा होता.

म्हणून तो अनवाणीच जात राहिला. उन्हाळाभर. दोरीला झटका बसला की ती पायाच्या पुढच्या अंगाला जराशी उडते, हे त्यानं डोळ्यांनी शिकून घेतलं. मान खाली घालून तो स्वतःच्या पायाकडे बघत उभा राहायचा. मियोला वाटायचं, सासरा अलीकडे फारच मन लावून काम करतो. एकदा म्हणालाही, "बाबा, पायाला काही सांगताय की त्याचं ऐकताय?"

"तू गळ बघ," प्रोश्पेर म्हणाला.

रोज सकाळी बूट काढायचं नाटकही त्याला करावं लागत नव्हतं, कारण तो घरूनच अनवाणी यायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, हा शेवटचा खरा माणूस. ते ऐकताना तो दुसरीकडे बघायचा. मियोचे हात रोज त्याच्यासमोर असायचे, गळांच्या मध्ये, आणि आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय त्याला पुढे कधीच राहिली नाही.

ऑक्टोबरमध्ये, दक्षिणेचा वारा पडल्यावर, एका स्वच्छ सकाळी ते बेटाच्या मागच्या अंगाला दोरी सोडत होते. सूर्य नुकता वर आला होता. होडी वळली आणि ऊन समोरून पाण्यावर आलं, ओल्या फळ्यांवर आलं, आणि प्रोश्पेरच्या पायापाशी एक पांढरा लखलखाट झाला. त्यात ना दोरी होती, ना पाय. त्यानं डोळे बारीक केले. होडी पुन्हा वळवावी असं त्याच्या मनात आलं. मग का म्हणून मियो विचारील, हेही मनात आलं. तो तसाच उभा राहिला.

"बाबा!" मियो ओरडला. "बाबा, धरा!"

त्यानं टाच आपटली, इंजिन बंद केलं. पण तोवर मियो छातीपर्यंत काठावर ओढला गेला होता, उजवा हात पाण्याकडे ताणलेला, आणि गळ तळहातात शिरून मनगटाच्या बाजूला सरकला होता. प्रोश्पेरनं सुरी काढून दोरी तोडली. दीडशे गळ तळाशी गेले. मियो फळीवर बसला, हात मांडीत धरून. तो ओरडत नव्हता. तो आश्चर्यानं प्रोश्पेरच्या पायाकडे बघत होता, आणि मग, जणू तसं बघणं म्हणजे मोठ्या माणसाचा अपमान, त्यानं नजर फिरवली.

होडी धक्क्याला लागली. बाकावर बेपो होता, ऐंशीचा, आणि त्याच्या शेजारी झ्वाने. बेपोच्या तोंडात पाइप, त्यात तंबाखू कधीच नसायची.

"काय रे, काय झालं?" बेपो उठला. "रक्त कुणाचं?"

आणि प्रोश्पेरच्या तोंडून वाक्य निघालं. ते त्यानं जुळवलेलं नव्हतं. ते तयारच होतं, पलंगाखालच्या बुटांसारखं.

"लक्ष नव्हतं याचं. हात मध्ये घातला."

"तुझ्या पायापुढे असूनही?"

"पायानं काय काय करायचं? हातच मध्ये घातला तर?"

"डोंगरातला माणूस," झ्वाने हळहळत म्हणाला. "दोष नाही त्याचा. रक्तात पाहिजे."

"बकरीला दाढी असली म्हणून ती पाद्री होत नाही," बेपो म्हणाला, आणि लगेच मियोला हात देऊन वर ओढून घेतलं, स्वतःचा रुमाल त्याच्या तळहाताभोवती बांधला. बेटावरची माणसं अशी. टोमणा आणि रुमाल एकाच हातानं देतात.

मियो प्रोश्पेरकडे बघत होता. प्रोश्पेर होडी बांधत होता. साधी गाठ, त्याला चार वेळा बांधावी लागली.

हाताला बारा टाके पडले. अंगठ्याची शीर अर्धी तुटली होती; पलीकडच्या रुग्णालयात म्हणाले, पकड परत येईल पण पहिल्यासारखी नाही. मियो चार दिवसांनी घरी आला आणि संध्याकाळी सासऱ्याच्या दारात उभा राहिला. डाव्या हातात वाइनची बाटली.

"बाबा, मी विचार केला खूप," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. माझंच लक्ष उडालं असणार. दीडशे गळ गेले तुमचे. माफ करा."

प्रोश्पेर खुर्चीत बसला होता. पेरिना चुलीपाशी होती. चाकवतासारखी पालेभाजी आणि बटाटे उकडत होते, झाकण वाजत होतं.

"गळांचं काय," प्रोश्पेर म्हणाला. "गळ मिळतात."

"पुन्हा असं नाही होणार."

"बस. जेव."

मियो बसला नाही. बाटली टेबलावर ठेवून गेला. तो गेल्यावर पेरिनानं भांडं उतरवलं, हात पुसले, आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या पायाला कळलंच नाही ना?"

तो टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिला.

"जूनमध्ये पलीकडे गेला होतास ते कशाला, ते मला पलंगाखाली झाडताना कळलं. मी म्हटलं, सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल." तिनं बाटली उचलली, कुठे ठेवावी ते तिला सुचेना, पुन्हा तिथंच ठेवली. "त्या पोरानं तुझी माफी मागितली, प्रोश्पेर. तू ती घेतलीस."

"काय करू मग?"

"मला विचारू नकोस. मी कुणाला सांगणार नाही. ते मी करून टाकावं अशी तुझी इच्छा असेल, पण मी करणार नाही."

त्यानंतरचे तीन आठवडे गावानं मियोला त्याची चूक विसरू दिली नाही. वाईट मनानं कुणीच काही बोललं नाही. पावाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, प्रत्येकजण त्याला पाठीवर थोपटून म्हणायचा, "अरे, समुद्र सगळ्यांना जमत नाही." वित्सानं एकदा नवऱ्याला ऐकवलं, "माझ्या बापाच्या चाळीस वर्षांत कुणाला खरचटलं नव्हतं." ते ती आईबापाच्या अंगणात बोलली, आणि प्रोश्पेर तिथं आमिषासाठी माकूल कापत होता. त्यानं सुरी थांबवली नाही.

शेवटी मियोनं पलीकडच्या सिमेंटच्या कारखान्यात काम शोधलं. मामेभाऊ तिथं होता. मंगळवारच्या बोटीनं तो आणि वित्सा जाणार असं ठरलं. वित्सानं आईला हे रडत रडत सांगितलं, म्हणाली, तो म्हणतो, मी या कामाचा नाही; ज्या माणसाचा हात त्याच्या डोक्याचं ऐकत नाही त्यानं भिंतीआड काम करावं.

प्रोश्पेरनं हे दाराआडून ऐकलं. एक गोष्ट त्याला फार स्पष्ट दिसली: ते गेले की कुणाला कधी काही समजणार नाही. होडीत पुढ्यात कुणी नसेल, तर टाच कुणासाठी आपटायची? तो एकटा जाईल, छोटं जाळं टाकेल, आणि मरेपर्यंत गाव म्हणेल, याच्या तळव्याला डोळे होते. हे दिसल्यावर क्षणभर त्याला हायसं वाटलं. आयुष्यात त्यानं जेवढं काही केलं होतं, त्या सगळ्यात त्या एका क्षणाची त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

सोमवारी सकाळी त्यानं पलंगाखालून बूट काढले. मोजे घातले, दोऱ्या बांधल्या. पेरिना बघत होती. तिनं फक्त दार उघडून धरलं.

धक्क्याच्या दगडांवर बूट वाजत होते. बाकानं ते लांबूनच ऐकलं.

"अरे देवा," बेपो म्हणाला. "प्रोश्पेर! कुणाचं लग्न?"

"माशांनी आमंत्रण दिलं असणार," झ्वाने म्हणाला. "वाम नवरी, आणि हा वर."

"वर कसला, वराचा आजा!"

प्रोश्पेर थांबला. इथंच सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. दोघे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते, तो काहीतरी फर्मास बोलेल म्हणून, कारण चाळीस वर्षं तो बोलत आला होता.

"आज रात्रभर नाचायचंय," तो म्हणाला. "म्हटलं पॉलिश करून घ्यावं."

ते हसले. तोही हसला. हसत हसतच तो पुढे गेला, होडीपाशी पोचला, आणि तिथं त्याला असं वाटलं की आपण आता समुद्रात पाऊल टाकावं आणि चालत राहावं, बुटांनी आपल्याला न्यावं तिथं.

मियो होडीत होता. शेवटचं म्हणून तो टोपल्या धुऊन द्यायला आला होता, एका हातानं. त्यानं वर बघितलं. बूट बघितले. बोलायचा हक्क आपल्याला नाही असा त्याचा चेहरा होता. प्रोश्पेर बुटांसकट फळीवर उतरला. होडी हलली, आणि ती किती हलली हे त्याला गुडघ्यांवरून समजलं.

"चल जरा बाहेर," तो म्हणाला.

"कशाला? दोरी नाही घेतली."

"घे मग दोरी. चल."

बंदराच्या तोंडाशी आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मियो टोपलीपाशी बसला होता.

"माझे पाय मेलेत," प्रोश्पेर म्हणाला.

"म्हणजे?"

"साखर आहे. उजव्याला काही कळत नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्या दिवशी मला झटका समजला नाही. तू ओरडलास तेव्हा कळलं. तुझा हात मध्ये नव्हता. हात जिथं असायला पाहिजे तिथंच होता."

मियोनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. टाके काढलेली रेघ ताजी लाल होती. त्यानं मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा मागे राहिला.

"त्या दिवशीच गेले का पाय?"

खोटं बोलायला जागा होती. मियोनं ती स्वतः करून दिली होती.

"नाही. वसंतापासून. जूनमध्ये डॉक्टरनं सांगितलं."

"जूनमध्ये." मियो उभा राहिला. "जून, जुलै, ऑगस्ट. रोज मी तुमच्यापुढे वाकत होतो. रोज."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी तुमच्या घरी वाइन घेऊन आलो होतो! माफी मागितली मी!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता, डोंगरातल्या उच्चारांसकट, जे त्यानं पाच वर्षं घासून घासून पुसत आणले होते. "माझी बायको मला बोलली तुमच्या अंगणात. तुम्ही तिथं बसला होतात. माकूल कापत होतात!"

प्रोश्पेरनं मान हलवली. रडावं असं त्याला वाटलं, पण त्याचीही लाज वाटली, कारण रडलं की पोरगा विरघळेल, आणि ते पुन्हा काहीतरी फुकट घेणं होईल.

"मला सांगितलंत ते ठीक," मियो म्हणाला. "मला सांगायला काय लागतं? मी तुमचा जावई. मी काय करणार आहे? त्यांना सांगा." त्यानं धक्क्याकडे हात केला, तोच वाकड्या अंगठ्याचा. "आत्ता गेलात ना तिथून. हसत होतात. मला ऐकू आलं."

इंजिन पुन्हा सुरू झालं. धक्का जवळ येऊ लागला, आणि प्रोश्पेरला तो इतका जवळ कधीच वाटला नव्हता. होडी लागली. तो चढून वर गेला नाही. होडीतच उभा राहिला, म्हणजे बाकावरच्यांना वाकून बघावं लागलं.

"एवढ्यात आलास?" बेपो म्हणाला. "नवरी पसंत पडली नाही?"

"बेपो, ऐक. झ्वाने, तूही." त्यानं पायांकडे बोट दाखवलं. "हे बूट डॉक्टरनं दिलेत. माझ्या पायांना काही कळत नाही. जूनपासून मला माहीत आहे. मियोचा हात माझ्यामुळे फाटला. त्याची चूक नव्हती. मी खोटं बोललो."

बेपोनं तोंडातला पाइप काढला. झ्वाने समुद्राकडे बघू लागला, जणू कुणी उघडं अंग दाखवलं आहे. कुणीच टोमणा मारला नाही. प्रोश्पेर टोमण्याची वाट बघत होता. एखादी शिवी आली असती तर ती त्यानं अंगावर घेतली असती, पांघरली असती.

बेपो बाकावर जरासा सरकला. मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

"ये," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वर ये, बस."

प्रोश्पेरनं त्या जागेकडे बघितलं. त्यात वाईट काही नव्हतं, तिथं ऊन पडलं होतं. त्यानं धक्क्याच्या कडेला हात टेकला आणि एक पाय वर उचलला.

"कुठे चाललात?" मियो मागून म्हणाला. "दोरी काय तुमचा बाप सोडणार?"

त्याच्या आवाजात माया नव्हती. प्रोश्पेर वळला. मियो इंजिनापाशी उभा होता, सुकाणूचा दांडा मांडीला टेकवून. टोपली त्यानं डाव्या पायानं स्वतःकडे ओढून घेतली होती. प्रोश्पेरची जागा ती.

"उद्याची बोट?" प्रोश्पेरनं विचारलं.

"वित्साशी बोलावं लागेल. ते मी घरी बघतो. तुम्ही माझ्यापुढे बसा."

ते बेटाच्या मागच्या अंगाला गेले. प्रोश्पेर होडीच्या मागच्या टोकाला वाकून बसला, जिथं पंधरा वर्षांचा असल्यापासून तो कधी बसला नव्हता. धोंडा त्यानं सोडला. दोरी टोपलीतून सळसळत निघाली, आणि मागे कुठेतरी, त्याला न दिसणाऱ्या जागी, मियोच्या तळव्याखालून येऊ लागली. पहिला गळ त्यानं बुचातून उपसला. त्यानं मान मागे वळवली.

"मागे काय बघताय?" मियो म्हणाला. "गळ बघा. माझ्या पायाला कळतं."

प्रोश्पेरनं मान पुढे केली आणि गळ पाण्यात सोडला. मग दुसरा. मग तिसरा.